एकट्याने गोल्फ खेळताना पुढे फोरबॉल आडवा आला तर

गोल्फ एकट्याने खेळावा की चौघांत, यावर क्लबच्या व्हरांड्यात चहाचे चार राउंड होईपर्यंत वाद घालता येतो. माझ्या मते दोन्ही खेळा. खरी पंचाईत होते ती एकटा माणूस आणि चौघांचा ग्रुप एकाच कोर्सवर असताना. एकटा खेळणारा अठरा होल तीन तासांत आरामात संपवतो, फोरबॉलला, म्हणजे चौघांच्या ग्रुपला, चार तासांच्या वर लागतात. तिसऱ्या होलपर्यंत तुम्ही त्यांच्या पाठीवर येणारच.

आठवड्यातला मधला वार बघून टी-टाइम (खेळ सुरू करायची वेळ) घ्या. कॅडी (बॅग उचलणारा, सल्ला देणारा सोबती) घ्या. आपल्याकडच्या बऱ्याच क्लबांत तो घ्यावाच लागतो, म्हणजे ‘एकटं खेळणं’ हे तसं नावापुरतंच.

“एकटे आहात ना, मग दोन बॉल खेळा, तेवढाच सराव” हा सल्ला देणाऱ्यांना माझा नमस्कार. दोन बॉल खेळताना पहिला निष्काळजीपणे मारला जातो, दुसरा त्याहून जास्त, आणि जो बरा पडेल तो आपला ‘खरा’ ठरतो. एकच बॉल खेळा आणि तो होलमध्ये टाका. दीड फुटाचा पटही (होलजवळचा हलका फटका) सोडू नका. गिमी, म्हणजे ‘गेलाच धरा’ म्हणून सोडलेला पट, द्यायला समोर प्रतिस्पर्धी लागतो, आणि तीही फक्त मॅचप्लेमध्ये (होलागणिक जिंकायच्या सामन्यात) चालते. हँडिकॅपसाठी (खेळाडूची पातळी दाखवणाऱ्या आकड्यासाठी) हे स्कोअरकार्ड भरायचा विचार असेल तर आधी क्लबात विचारा, कारण त्यावर सही करायला मार्कर, म्हणजे स्कोअर तपासणारा सोबती, नसतो. अमेरिकेत तर २०१६ पासून एकट्याने खेळलेला स्कोअर हँडिकॅपला धरतच नाहीत.

आता तो फोरबॉल. आधी त्यांच्या पुढे बघा. पुढचा होलही भरलेला असेल तर ओलांडून काही मिळणार नाही. मागे थांबा, पाणी प्या, पटिंग करा. पुढचा होल रिकामा असेल तरच वाट मागायची. ती फेअरवेच्या, म्हणजे कापलेल्या गवताच्या पट्ट्याच्या, मधून हातवारे करून मागायची नाही आणि त्यांच्या अंगावर बॉल मारून तर मुळीच नाही. मी एकदा “इतका लांब माझा जातच नाही” म्हणत थ्री-वुड (लांब मारायची काठी) मारला. कॅडी म्हणाला होता, “साहेब, ते अजून रेंजमध्ये आहेत.” बॉल त्यांच्या बॅगांपासून दहा पावलांवर थांबला. “फोर!” असा सावध करणारा इशारा ओरडलो, पण ते ओरडणं बॉल निघून गेल्यावरचं. तेव्हापासून कॅडी ‘थांबा’ म्हणाला की मी थांबतो.

वाट मागायची जागा म्हणजे पार-थ्रीचा (तीन फटक्यांच्या छोट्या होलचा) टी, जिथून पहिला फटका मारतात. तिथे नुसतं दिसेल असं उभं राहा, कमरेवर हात न ठेवता. बाकीचं कॅडी आपापसात इशाऱ्याने जमवतात. ग्रीनवरचे, म्हणजे होलभोवतीच्या बारीक गवतावरचे, चौघं बॉलची जागा मार्क करून बाजूला होतात आणि हात हलवतात. इथेच माझी फजिती व्हायची. चार अनोळखी माणसं पटरवर रेलून बघतायत, आपण त्यांना खोळंबून ठेवलंय, या घाईत पहिल्यांदा मी बॉल टॉप केला, म्हणजे फटका नुसता त्याच्या डोक्यावर बसला. तो वीस यार्ड गेला. दुसरा फटका बंकरमध्ये, म्हणजे वाळूच्या खड्ड्यात. बंकरमधून तीन फटके. एकानेही तोंडातून अक्षर काढलं नाही, तेच जास्त लागलं.

त्यानंतर मी एक पद्धत ठरवली आणि ती आजवर मोडलेली नाही. त्यांचा हात हलण्याआधीच क्लब (काठी) हातात हवा, यार्डेज (होलपर्यंतचं अंतर) विचारून झालेलं हवं. पिनवर (होलमधल्या झेंड्यावर) मारायचं नाही, ग्रीनच्या मधोमध मारायचं. नेहमी सेव्हन आयर्न लागत असेल तर जास्त लांब जाणारा सिक्स घ्या आणि सावकाश फिरवा, कारण घाईत बॉल आखूडच पडतो. प्रॅक्टिस स्विंग एकच. नियमांतही एका फटक्याला चाळीस सेकंद पुरेत अशी शिफारस आहे. तेवढे सेकंद तुमचे हक्काचे आहेत, ते वापरा. त्यांनी वाट दिली म्हणजे धावायला सांगितलं असं नाही.

बॉल झाडीत गेला तर शोधू नका. नियमाने तीन मिनिटं मिळतात, पण वाट देणाऱ्यांसमोर तीन मिनिटं फार मोठी असतात. बंकरमधून एका फटक्यात बाहेर आला नाही तर उचला. वर म्हटलं ना, बॉल होलमध्ये टाका म्हणून? त्याला हा एकच अपवाद, आणि कार्डावर त्या होलपुढे सरळ रेघ मारा. पट करा, पिच मार्क (बॉल आदळून ग्रीनवर पडलेला खळगा) बुजवा, थँक्यू म्हणा आणि निघा. स्विंगवर गप्पा नकोत. पुढच्या टीवर लगेच मारा. वाट मागून घेतल्यावर तिथे केळं सोलत बसणारा माणूस मला अजिबात सहन होत नाही.

पुढे दोघं किंवा तिघंच असतील तर मात्र ओलांडू नका, सरळ “येऊ का तुमच्यात?” म्हणून विचारा. चौघांना हे विचारण्यात अर्थ नाही, कारण पाच जणांचा ग्रुप बहुतेक क्लबांत चालत नाही. सामील झालात की त्यांचा डाव काय चाललाय ते आधी विचारून घ्या. पैजेची मॅच असेल तर “तुमचं चालू द्या, मी माझा खेळतो” म्हणा आणि पट करताना त्यांच्या लाइनवर (बॉलपासून होलपर्यंतच्या वाटेवर) पाय देऊ नका. तासभर एकट्याने खेळून आल्यावर ही सवय हमखास सुटलेली असते.