बीपीच्या गोळ्या चुकतायत? घरात करार करून बघा

बाबा बीपीची गोळी विसरतात म्हणून रोज कटकट करण्यापेक्षा एका कागदावर करार करा, पण आधी डॉक्टरांकडून गोळी, वेळ आणि टार्गेट लिहून आणा, बहुतेकांना 140/90 च्या खाली सांगतात.

कलमं मोजता येतील अशी हवीत. "मीठ कमी खाईन" याला काय अर्थ आहे? "सकाळी चहाआधी अ‍ॅम्लोडिपिन (बीपीची गोळी), घेतली की कॅलेंडरवर टिक, लोणचं-पापड फक्त रविवारी" असं लिहा. रीडिंग पाच मिनिटं शांत बसून, पाठ टेकून घ्यायचं, सारसबागेतून चालून आल्या आल्या नाही.

आणि करार एकतर्फी नको हं, गोळ्या संपायच्या आत आणून द्यायचं काम मुलाचं, महिनाभर सगळ्या टिका झाल्या तर बालगंधर्वला नाटकाची तिकिटं पण त्यानेच काढायची. गोळी चुकली तर ओरडू नका, का चुकली ते विचारा, कारण अ‍ॅम्लोडिपिनने काहींचे पाय सुजतात आणि मग माणूस गुपचूप बंद करतो. तसं असेल तर डॉक्टरांना सांगा, परस्पर बंद नाही करायची.

सह्या दोघांच्या, कागद फ्रिजवर. अशा करारांचा फायदा अभ्यासांत पक्का सिद्ध झालेला नाहीये, त्यामुळे दोन महिन्यांत फरक दिसला नाही तर कलमं बदला.