तीनचाकीचे मागचे टायर किती चालतील, हे स्वतः मोजून कसे ठरवावे

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीची पोती भरत असताना तीनचाकी मालवाहू गाड्यांचे चालक एकमेकांना हमखास विचारतात, "मागचे टायर किती किलोमीटर गेले?" उत्तरे इतकी वेगवेगळी येतात की त्यांतून काहीच हाती लागत नाही. एकाच मापाचे, एकाच दिवशी घेतलेले दोन जोड दोन गाड्यांवर सारखे टिकत नाहीत, कारण एक गाडी कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत सपाट रस्त्यावर अर्धी रिकामी फिरते, तर दुसरी तासगावच्या मळ्यांतून द्राक्षांचे क्रेट घेऊन कच्च्या वाटेने बाहेर पडते. म्हणून दुसऱ्याच्या आकड्यावर न विसंबता आपल्या गाडीचा आकडा आपणच काढावा, असे माझे स्पष्ट मत आहे. त्यासाठी टायरची खोली मोजण्याची छोटी पट्टी, खडू, हवेचा स्वतःचा मापक आणि एक वही एवढेच साहित्य लागते.

आधी मागचेच टायर लवकर का झिजतात, ते समजून घेतले पाहिजे. मालाचे बहुतेक वजन मागच्या दोन चाकांवर असते, इंजिनाचा जोर त्याच चाकांना मिळतो आणि ब्रेकचा मोठा भारही तीच सोसतात. शिवाय दुचाकी वळणावर झुकते तशी तीनचाकी झुकत नाही, त्यामुळे साताऱ्याहून यवतेश्वरचा घाट चढताना किंवा उतरताना प्रत्येक नागमोडी वळणाला वजन बाहेरच्या चाकावर जाते आणि टायर रस्त्यावर थोडा आडवा घासला जातो. आपल्याकडे गाडी डाव्या बाजूने चालते, रस्ता कडेकडे उतरता असतो आणि साइडपट्टीची खडी, काचा व तुटलेली डांबराची कड डाव्या चाकाच्याच वाट्याला येते. त्यामुळे मागचा डावा टायर उजव्यापेक्षा थोडा आधी उतरला तर त्यात नवल नाही, मात्र तो फारच आधी उतरला तर कारण शोधावे लागते.

मोजमाप असे करावे. टायर नवा बसवला की त्याच दिवशी नक्षीच्या खाचेची खोली आतल्या कडेला, मध्यभागी आणि बाहेरच्या कडेला मोजावी आणि मीटरवरील किलोमीटरसह वहीत लिहावी. त्यानंतर दर हजार किलोमीटरला त्याच तीन जागा पुन्हा मोजाव्यात. समजा, नव्या टायरची खोली ८ मिलिमीटर होती आणि ६,००० किलोमीटरनंतर ती ६.२ मिलिमीटर भरली, तर १.८ मिलिमीटर झीज झाली, म्हणजे हजार किलोमीटरला ०.३ मिलिमीटर. केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार तीनचाकीसाठी नक्षीची किमान खोली ०.८ मिलिमीटर आहे, पण ओझे वाहणाऱ्या गाडीने तिथपर्यंत थांबू नये. मी स्वतः २ मिलिमीटरला टायर उतरवतो. त्या हिशेबाने ४.२ मिलिमीटर शिल्लक राहतात, म्हणजे १४,००० किलोमीटर. रोज ७० किलोमीटर धाव असेल तर हे २०० दिवस होतात. ही नोंद नोव्हेंबरच्या मध्यात घेतली असेल, तर टायर नेमके जूनच्या आरंभी, पहिल्या पावसात संपतील. ओल्या रस्त्यावर खाचांचीच गरज असते, म्हणून अशा वेळी मेमध्येच जोड बदलण्याची तजवीज करावी. तीन जागांपैकी जी सर्वांत उथळ असेल तिच्यावरच हिशेब करावा. सरासरी काढू नये.

सरासरी का काढू नये, हे मला नुकसान सोसून कळले. एका उन्हाळ्यात माझ्या गाडीचा मागचा डावा टायर बाहेरून पाहता चांगला दिसत होता, नक्षी ठळक होती, म्हणून मी निर्धास्त होतो. तासगाव रस्त्यावर क्रेट भरलेले असताना तो फुटला. चाक काढून उलटे केले तेव्हा आतल्या कडेला दोन बोटे रुंदीचा पट्टा इतका झिजलेला दिसला की नायलॉनचे धागे उघडे पडले होते. मागच्या आर्मचे, म्हणजे चाक धरून ठेवणाऱ्या दांड्याच्या सांध्यातले, बुश झिजून चाक वरून आत कलले होते, आणि आतली कड वाकून पाहण्याची सवय मला नव्हती. तेव्हापासून मी चाकामागे हात घालून आतली कड तळव्याने चाचपतो. तळवा एका दिशेला गुळगुळीत सरकला आणि उलट दिशेला करवतीच्या दात्यांसारखा अडखळला, तर चाक सरळ रेषेत चालत नाही, असे समजावे आणि फिटरला आर्म, बुश व बेअरिंग तपासायला सांगावे. बुश बदलण्याचा खर्च टायरच्या मानाने किरकोळ असतो. जुने बुश तसेच ठेवून नवा टायर घातला, तर तोही त्याच कडेने जातो.

झिजेचा आकार पाहून कारण ओळखता येते. दोन्ही कडा झिजल्या आणि मधला भाग उंच राहिला, तर हवा कमी ठेवली गेली आहे किंवा ओझे जास्त झाले आहे. मधला भाग झिजला तर हवा जास्त आहे. एकाच जागी चपटा डाग पडला असेल तर ब्रेक धरून चाक घसटले गेले आहे. ठिकठिकाणी खोलगट वाट्या पडल्या असतील तर शॉकअप निकामी झाले असण्याची शक्यता मोठी. झीज दिसण्याआधीच अंदाज घ्यायचा असेल तर खडूची परीक्षा करावी: नेहमीचा माल भरलेला असताना टायरच्या रुंदीवर आडवी जाड रेघ ओढावी आणि सपाट जागी चाकाचे दोन-तीन फेरे होईपर्यंत गाडी सरळ पुढे ढकलावी. रेघ सर्वत्र सारखी पुसली गेली तर हवा योग्य आहे. फक्त मधली पुसली तर जास्त, फक्त कडांची पुसली तर कमी. हे मला इतर कोणत्याही उपायापेक्षा जास्त उपयोगी पडले आहे.

हवा सकाळी, गाडी हलवण्याआधी, थंड टायरमध्ये तपासावी. तापमान १० अंशांनी वाढले की दाब साधारण एक-दोन पीएसआय (मापकावरील हवेच्या दाबाचे एकक) वाढतो, आणि भर उन्हात धावून आल्यावर तर त्याहूनही वाढतो. तो वाढलेला पाहून हवा सोडू नये, नाहीतर संध्याकाळी टायर मऊ पडतो. किती हवा ठेवायची, हे गाडीच्या पुस्तिकेतून घ्यावे, शेजारच्या चालकाकडून नाही, कारण प्रवासी रिक्षाचे ४.००-८ मापाचे आणि मालवाहू गाडीचे ४.५०-१० मापाचे टायर वेगळे आहेत व त्यांचे ओझेही वेगळे. ओझ्याचा हिशेब आरसी बुकातून मिळतो: एकूण मान्य वजनातून रिकाम्या गाडीचे वजन वजा करावे, चालकाचे वजनही धरावे, आणि उरलेल्या आकड्याला ५० ने भागले की ५० किलोची किती पोती बसतात ते कळते. ओझे दीडपट झाले की झीज दीडपटीहून अधिक वाढते, हे ज्यांनी वही ठेवली आहे त्यांना हंगामाच्या महिन्यांत स्वच्छ दिसेल.

मळ्याच्या वाटेने जाणाऱ्यांनी बाभळीच्या काट्यांकडे विशेष लक्ष द्यावे. ट्यूबचे पंक्चर काढले आणि काट्याचे टोक टायरमध्येच राहिले, तर दोन दिवसांत पुन्हा हवा जाते, आणि कमी हवेवर चाललेला टायर कडेने झिजतो. म्हणून ट्यूब बाहेर असताना टायरच्या आतून सुती फडके फिरवावे. फडके जिथे अडकते तिथे काटा असतो.

कमी धावणाऱ्या गाडीचे गणित वेगळे असते. फक्त द्राक्षाच्या हंगामात बाहेर निघणाऱ्या गाडीचे टायर झिजण्याआधी म्हातारे होतात. मागे मोटारीसारखे रुंद टायर असलेल्या हौशी तीनचाकी मोटारसायकलींचेही तसेच आहे, कारण त्या टायरांच्या मानाने तिथे ओझे हलके असते. अशा वेळी टायरच्या बाजूवरील चार अंकांचा शिक्का पाहावा. २३२१ असेल तर तो २०२१ च्या तेविसाव्या आठवड्यात तयार झाला आहे. बाजूवर बारीक भेगा दिसू लागल्या की नक्षी शिल्लक असूनही तो ओझ्याखाली वापरू नये.

बदलताना मागचे दोन्ही टायर एकदम, एकाच मापाचे आणि एकाच प्लायचे, म्हणजे आतल्या थरांच्या सारख्याच ताकदीचे, घ्यावेत. एक नवा व एक झिजलेला असेल तर दोघांचा घेर वेगळा पडतो आणि सरळ रस्त्यावरही डिफरन्शियलला, म्हणजे मागच्या दोन चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देणाऱ्या यंत्रणेला, सतत काम करावे लागते. उतरवलेल्यांपैकी जो बरा असेल तो स्टेपनीला ठेवावा, पण झिजलेला टायर पुढे कधीही घालू नये, कारण पुढे एकच चाक आहे आणि ते फुटले की हँडल हातात राहत नाही. या गाड्यांची डिस्क, म्हणजे टायर जिच्यावर बसतो ती चाकाची चकती, बहुधा दोन भागांची, नटांनी जोडलेली असते. ती उघडण्याआधी व्हॉल्व्हमधून हवा पूर्णपणे काढून टाकावी. आत दाब असताना ते नट सैल केले तर डिस्कचा भाग जोरात उडून तोंडावर येऊ शकतो. नवा जोड बसवल्यावर पन्नासेक किलोमीटरनंतर चाकांचे नट पुन्हा आवळावेत, आणि वहीत नव्या पानावर तारीख, किलोमीटर व सहाही जागांची खोली लिहून ठेवावी.