आधी मीटर बघा, मग हीटर

इंग्लंडात गॅसची जोडणी नसलेला फ्लॅट भाड्याने घेतला, की भिंतीला टेकलेली एक अवजड पेटी दिसते. वर दोन नॉब, एकावर ‘इनपुट’, दुसऱ्यावर ‘आउटपुट’. आपण झोपेत असताना ती तापते आणि संध्याकाळी कामावरून येऊन हात लावावा तर गारढोण. हा स्टोरेज हीटर. ‘हा काढून स्वस्तात काय बसवू?’ असं दर ऑक्टोबरमध्ये नवीन आलेलं कुणी ना कुणी मला विचारतं.

उन्हात तापलेली गच्ची रात्री दहालाही पायाला गरम लागते, तसंच याचं काम चालतं. आत जड विटा असतात. ‘इकॉनॉमी सेव्हन’ या दरात रात्रीचे ७ तास वीज स्वस्त मिळते, तेवढ्यात विटा तापतात आणि पुढे दिवसभर उष्णता सोडतात. इनपुट म्हणजे रात्री किती साठवायचं, आउटपुट म्हणजे किती सोडायचं. पुष्कळजण दोन्ही नॉब पूर्ण फिरवून ठेवतात, मग दुपारपर्यंतच विटा रिकाम्या होतात. झोपताना आणि घराबाहेर पडताना आउटपुट अगदी कमी करा, संध्याकाळी परतल्यावर उघडा. एक पौंडही खर्च करण्याआधी आठवडाभर एवढं करून बघा.

मी ते केलं नव्हतं. फ्लॅट विकत घेतला त्याच वर्षी एका विक्रेत्याच्या बोलण्याला भुलून सगळे जुने हीटर काढले आणि भिंतीवर चपटे, देखणे पॅनेल हीटर लावले. ‘वीज निम्मी लागेल’ असं त्याने सांगितलं होतं. पहिल्याच हिवाळ्यात बिल इतकं चढलं की कोल्हापूरहून आलेल्या सासूबाई मी ऑफिसला गेले की हीटर बंद करून शाल पांघरून बसायच्या. मला हे फार उशिरा कळलं आणि अजून टोचतं.

कारण साधं आहे. विजेचा कुठलाही साधा हीटर, तीस पौंडांचा असो की पाचशेचा, एका युनिट विजेतून एक युनिट उष्णता देतो. जाहिरातीत मातीचा गाभा म्हणोत, तेल म्हणोत, जर्मन तंत्र म्हणोत, यात फरक पडत नाही. फरक पडतो तो युनिट कुठल्या वेळी, कुठल्या दराने घेतलं याने. समजा खोलीला दिवसाला १० युनिट उष्णता लागते, दिवसाचा दर २८ पेन्स आणि रात्रीचा १४. पॅनेल हीटरला २ पौंड ८० पेन्स पडतील, स्टोरेजला १ पौंड ४०. शिवाय इकॉनॉमी सेव्हनमध्ये दिवसाचा दर एरवीच्या एकेरी दरापेक्षा बहुधा जास्त असतो, म्हणजे स्टोरेज काढून तोच दर चालू ठेवला तर दुहेरी मार.

म्हणून आधी मीटर बघा. दिवसाचा आणि रात्रीचा असे दोन आकडे दाखवतो का? शेजारी वेगळी काळी पेटी आहे का? ती रेडिओ टेलिस्विच असेल तर बीबीसीच्या लाँग वेव्हवरून येणाऱ्या संकेतावर हीटर चालू-बंद होतात. ती सेवा ३० जून २०२५ पासून टप्प्याटप्प्याने बंद करायला घेतली आहे. वीज कंपनीला फोन करून स्मार्ट मीटर मागा, त्याचे वेगळे पैसे पडत नाहीत. आणखी एक: स्टोरेज हीटरची वायरिंग बहुतेक घरांत वेगळी असते आणि तिच्यात फक्त रात्री वीज येते. त्याच जागी पॅनेल हीटर जोडला तर तो दिवसा चालणारच नाही.

भाडेकरू असाल तर स्वतःच्या खिशातून काही बसवू नका. घरमालकाला लेखी कळवा. इंग्लंड-वेल्समध्ये काही अपवाद सोडले तर भाड्याच्या घराचं ऊर्जा प्रमाणपत्र, म्हणजे ईपीसी, किमान ‘ई’ श्रेणीचं असावं लागतं, आणि ते कुणालाही ऑनलाइन बघता येतं.

घर स्वतःचं असेल तर माझा कौल दोनच गोष्टींना. दिवसभर घरात माणूस असेल, म्हातारं किंवा तान्हं असेल, तर नव्या पद्धतीचे स्टोरेज हीटर घ्या. त्यांचं आवरण चांगलं, आत पंखा आणि वेळापत्रक, त्यामुळे ऊब संध्याकाळपर्यंत टिकते. बैठकीच्या खोलीत एक चांगला बसवा, बाकी नंतर. दुसरी गोष्ट आपल्या ओळखीची: स्प्लिट एसी, उलट दिशेने चालणारा. तो बाहेरच्या हवेतली उष्णता आत ओढतो, म्हणून एका युनिटमागे साधारण तीन युनिट ऊब देतो. वरच्या हिशेबात खर्च १ पौंडाच्या आत येतो. मात्र बाहेरचं युनिट भिंतीवर लावायला फ्रीहोल्डरची, म्हणजे इमारतीच्या आणि जमिनीच्या मूळ मालकाची, लेखी परवानगी आधी घ्या. याच तत्त्वावर पाणी गरम करून रेडिएटर तापवणाऱ्या हीट पंपाला इंग्लंड-वेल्समध्ये ७,५०० पौंडांचं अनुदान आहे, पण लहान फ्लॅटमध्ये पाइप, रेडिएटर, पाण्याची टाकी हे सगळं नव्याने घालणं बहुधा परवडत नाही.

गरम पाण्याची टाकी, आपला बंबच तो, रात्रीच्याच दरावर चालत असेल. दर बदलण्याआधी तिचाही हिशेब करा.

आणि जुना हीटर स्वतः उघडू नका. १९७० च्या दशकातल्या किंवा त्याआधीच्या काहींमध्ये ॲस्बेस्टॉस असतो, त्याची धूळ फुप्फुसांना घातक. पाटीवरचा मॉडेल क्रमांक टिपून इलेक्ट्रिशियनला आधी दाखवा, मगच विटा हलवू द्या.