रोटाव्हायरसमधली जनुकांची अदलाबदल कशी ओळखायची

रोटाव्हायरस म्हणजे लहान मुलांना जुलाब लावणारा विषाणू. त्याच्या जीनोममध्ये, म्हणजे सगळ्या जनुकीय साहित्यात, दुपदरी आरएनएचे ११ तुकडे असतात. एकाच पेशीत दोन स्ट्रेन (विषाणूचे उपप्रकार) शिरले की नव्या कणांत दोघांचे तुकडे मिसळतात. म्हणून फक्त जी आणि पी प्रकार (बाहेरच्या व्हीपी७ आणि व्हीपी४ या प्रथिनांच्या तुकड्यांवरून ठरणारे) काढून थांबू नका, उरलेले ९ तुकडेही तपासा.

शौचाच्या नमुन्याचं बफरमध्ये १० टक्के मिश्रण करा, सेंट्रिफ्यूज करून वरच्या द्रवातून आरएनए काढा. आरटी-पीसीआरआधी (यात आरएनएची डीएनए प्रत करून ती वाढवतात) तो ९५ अंश सेल्सिअसला ५ मिनिटं तापवून लगेच बर्फात ठेवा. पदर सुटले नाहीत तर व्हीपी१ ते व्हीपी४ या प्रथिनांचे लांब तुकडे हमखास दगा देतात.

प्रत्येक तुकड्याचा सिक्वेन्स (अक्षरक्रम) वाचून त्याचा वंशवृक्ष स्वतंत्र काढा. जी१पी[८] सोबत सहसा बाकीचे नऊही प्रकार-१ चे, म्हणजे ‘वा’ (Wa) नावाच्या संदर्भ स्ट्रेनच्या कुळातले असतात. ते सगळे डीएस-१ (DS-1) या दुसऱ्या संदर्भ स्ट्रेनच्या कुळातले, प्रकार-२ चे निघाले तर अदलाबदल झाली आहे; जपानमध्ये २०१२ साली असेच स्ट्रेन सापडले.

सगळ्यात मोठी फसगत मिश्र संसर्गाची. आरएनएचे तुकडे लांबीनुसार वेगळे करणाऱ्या जेलवर ११ हून जास्त पट्टे किंवा सिक्वेन्सच्या आलेखात एकाच जागी दोन शिखरं दिसली, तर निष्कर्ष काढू नका. आधी पेशीसंवर्धनात प्लाक (एकेका विषाणूकणाने पेशी मारून पाडलेले ठिपके) वेगळे करून एकेक क्लोन, म्हणजे एकाच कणापासून वाढलेला विषाणू, तपासा.