‘स’ की ‘ला’? दोन रूपांची मोजणी आणि काय-स्क्वेअर चाचणी

‘स, ला, ते’ शाळेतच पाठ झालेलं असतं. पण ‘शासनास’ कुठे लिहितात आणि ‘शासनाला’ कुठे, हे सांगायचं तर मोजावंच लागतं. भाषाविज्ञानात लागणारं बरंचसं प्राथमिक संख्याशास्त्र या एका प्रश्नात शिकता येतं. साधा कॅल्क्युलेटर पुरतो.

खरी मेहनत गणिताआधीची आहे. ‘स’ने संपणारे शब्द शोधले की पाऊस, माणूस, दिवस हेही जाळ्यात येतात, ‘ला’ने शोधले की गेला, पहिला, किल्ला. ही यादी डोळ्यांखालून घालूनच साफ करावी लागते. मग ज्या जागी दोन्ही रूपं येऊ शकतात तेवढ्याच ठेवा. ‘मला’, ‘तुला’ काढा, आजच्या गद्यात तिथे ‘स’ला वावच नाही. अनेकवचन बाजूला ठेवा, कारण तिथे ‘ना’ येतो. ‘करण्यास’, ‘जाण्यास’ वेगळे मोजा. लिखाणात तिथे ‘स’ इतका रुळला आहे की बाकीच्यांत मिसळला तर निकाल तोच ठरवेल. शब्दवार मोजत असाल तर ‘शेतकऱ्यास’सारख्या शब्दांकडे लक्ष द्या. त्यातला ‘ऱ्य’ संगणकावर दोन तऱ्हांनी साठवला जातो, दिसतो मात्र सारखाच. आधी सगळा मजकूर एका तऱ्हेत आणला नाही तर शोधात काही शब्द निसटतात.

आता आकडे. हे केवळ रीत दाखवण्यासाठी घेतले आहेत:

सरकारी सूचना (२०,००० शब्द): ला ६०, स ४०
कथा (८,००० शब्द): ला १३०, स २०

‘स’ दर हजार शब्दांमागे काढला तर सूचनांमध्ये २ आणि कथांमध्ये २.५ येतो, म्हणजे कथाच ‘स’कडे झुकलेल्या वाटतात. निवडीच्या जागांवर भागलं तर चित्र उलटतं: सूचनांमध्ये १०० पैकी ४०, म्हणजे ४० टक्के; कथांमध्ये १५० पैकी २०, म्हणजे १३.३ टक्के. कथांमध्ये मुळात या प्रत्ययाच्या जागाच दाट आहेत. प्रश्न दोन रूपांतल्या निवडीचा असेल तर छेदात निवडीच्या जागा हव्यात, एकूण शब्द नकोत. विद्यार्थ्यांच्या कामात सर्वांत जास्त नुकसान याच चुकीने होतं.

हा फरक योगायोगाने पडला असेल का, हे तपासायला कार्ल पिअर्सन यांनी १९०० साली मांडलेली काय-स्क्वेअर चाचणी वापरा. प्रत्येक चौकटीचा अपेक्षित आकडा म्हणजे ओळीची बेरीज गुणिले स्तंभाची बेरीज, भागिले एकूण. सूचनांमधल्या ‘ला’साठी १०० × १९० ÷ २५० = ७६. उरलेले तीन: सूचनांमधला ‘स’ २४, कथांमधला ‘ला’ ११४, ‘स’ ३६. मोजलेल्या आणि अपेक्षित आकड्यांतला फरक चारही ठिकाणी १६ आहे. दोन बाय दोनच्या तक्त्यात तो सगळीकडे सारखाच येतो. न आल्यास बेरजेत चूक आहे. फरकाचा वर्ग २५६. तो प्रत्येक अपेक्षित आकड्याने भागा: ३.३७, १०.६७, २.२५, ७.११. बेरीज सुमारे २३.३९.

अशा तक्त्याला डिग्री ऑफ फ्रीडम (बेरजा ठरल्यावर मोकळेपणी बदलू शकणाऱ्या चौकटींची संख्या) एकच असते आणि ५ टक्के पातळीची सीमा ३.८४ आहे, म्हणजे संबंध नसताना काय-स्क्वेअर तिच्यापुढे शंभरात सुमारे पाच वेळाच जातो. २३.३९ तिच्या बरंच पुढे आहे. अर्थ इतकाच की मजकुराचा प्रकार आणि प्रत्यय यांचा संबंध नसता, तर एवढा किंवा याहून मोठा फरक क्वचितच दिसला असता. ‘माझा सिद्धान्त बरोबर असण्याची शक्यता ९५ टक्के’ असा अर्थ त्यातून निघत नाही.

आर हे संख्याशास्त्राचं सॉफ्टवेअर वापरलंत तर उत्तर २१.९५ दिसेल. गोंधळू नका. दोन बाय दोनच्या तक्त्याला ते आपणहून येट्स दुरुस्ती लावतं, म्हणजे प्रत्येक फरकातून ०.५ कमी करतं. तो पर्याय बंद केला की २३.३९ मिळतं.

तक्त्यात टक्के कधीच भरू नका, मोजलेले आकडेच भरा. प्रमाणं तीच ठेवून आकडे दुप्पट केले तर काय-स्क्वेअरही दुप्पट होतो, म्हणून टक्के भरले की नमुना किती मोठा होता हेच पुसलं जातं. अपेक्षित आकडा कुठेही ५ च्या खाली गेला तर फिशरची एग्झॅक्ट चाचणी घ्या, ती लहान आकड्यांसाठी शक्यता थेट मोजते.

याहून गंभीर अडचण स्वतंत्रतेची. प्रत्येक नोंद दुसरीपासून स्वतंत्र असावी, असं ही चाचणी धरून चालते. एकाच सूचनेत ठरावीक साच्यातलं वाक्य दहा वेळा आलं, तर ते दहा पुरावे नाहीत, एकाच लेखणीची एकच सवय आहे. प्रत्येक मजकुरातून चिठ्ठी टाकून एकच नोंद घ्या. नमुना त्यामुळे फार लहान होत असेल तर लेखकाचा परिणाम वेगळा काढणारं मिश्र-परिणाम लॉजिस्टिक मॉडेल शिकून घ्या.

प्रबंधात पी-मूल्य (संबंध नसताना एवढा किंवा याहून मोठा फरक दिसण्याची शक्यता) एकटं देऊ नका. चारही आकडे, काय-काय वगळलं त्याची यादी आणि संबंधाची ताकद द्या. ताकदीसाठी काय-स्क्वेअरला एकूण नोंदींनी भागून वर्गमूळ काढा: २३.३९ ÷ २५० चं वर्गमूळ ०.३१. याला फाय म्हणतात, आणि नमुना दुप्पट झाला तरी प्रमाणं तीच असतील तर हा आकडा बदलत नाही.