कार्पेटचे धागे सुटतायत? उंबऱ्यात पट्टी ठोका

बेडरूमचं कार्पेट हॉलच्या टाइल्सला भिडतं तिथेच धागे सुटतात आणि पायात येतात. हार्डवेअरवाल्याकडून भोकं पाडलेली ॲल्युमिनियमची पट्टी आणा.

१. दार लावून त्याच्या बरोबर खाली खूण करा. म्हणजे बंद दारात हॉलमधून कार्पेटची कड दिसत नाही. दाराखाली पट्टीपुरती फट आहे ना, तेही आत्ताच बघा. नाहीतर सुताराला बोलवावं लागेल.
२. कार्पेट उलटं करून मागच्या बाजूने कटरने कापा. कात्रीने कड वाकडीच येते.
३. पट्टी हॅकसॉने कापा, टोकं कानशीने घासा, ड्रिलने जमिनीत भोकं पाडा, त्यात गिट्ट्या (स्क्रू पकडून ठेवणारे प्लास्टिकचे प्लग) घाला आणि पट्टी स्क्रूने आवळा.

टाइल भेदेपर्यंत ड्रिलचा हॅमर मोड (ठोके देत भोक पाडणारा) बंदच ठेवा, नाहीतर ती तडकते.