तांदळाचा एक्स्पोर्ट रेट काढायचा कसा, आणि कोणाला किती सांगायचा

आमच्या कुडाळातली दोन-तीन पोरं हल्ली सारखी विचारतात, दादा मस्कतला उकडा तांदूळ पाठवायचाय, रेट काय सांगू? मी उलट विचारतो, कोणाला सांगायचाय? कारण बाहेर तांदळाचा एकच एक रेट नसतो. गव्हाचा भाव बघायला सगळे शिकागोच्या वायदे बाजाराकडे बघतात, तांदूळ मात्र कोटवरच, म्हणजे विकणारा जो भाव सांगेल त्यावरच चालतो, म्हणून थायलंड, व्हिएतनाम आणि आपला 5 टक्के कणीचा (तुटक्या दाण्यांचा) भाव दर आठवड्याला बघायची सवय लावा.

5 टक्के म्हणजे काय ते आधी घरीच बघा. 100 ग्रॅम तांदूळ ताटात पसरा, तुटके दाणे बोटाने बाजूला काढा आणि वजन करा. आमच्या गिरणीतल्या पहिल्या सॅम्पलला 12 ग्रॅम कणी निघाली होती आणि मी त्याला 5 टक्क्याचा भाव सांगून बसलो होतो, गिऱ्हाईक हसलं असणार.

आता हिशोब, आकडे समजायला धरलेत हां. गिरणीतून 38 रुपये किलो म्हणजे टनाला 38,000, पोती-भरणी 1,000, न्हावाशेवा बंदरापर्यंत ट्रक 1,500, क्लिअरिंग एजंट आणि पोर्टचा खर्च मिळून 1,500, झाले 42,000. डॉलर 84 ला असेल तर 500 डॉलर टन, हा झाला एफओबी, म्हणजे माल जहाजावर चढवेपर्यंतचा भाव, नफा यावर वेगळा लावायचा. जहाजाचं भाडं आणि विमा आपल्याकडे घेतला तर सीआयएफ. वीस फुटी कंटेनरात साधारण 25 टन बसतो.

खरी गंमत पुढे आहे. उद्या डॉलर 87.50 झाला तर तेच 42,000 रुपये 480 डॉलरमधे निघतात, कंटेनरमागे 500 डॉलरचा फरक. हे 20 डॉलर कोणाचे? गिऱ्हाईक लगेच मेसेज टाकतं, रुपया पडला, भाव कमी करा. पश्चिम आफ्रिकेतल्या बेनिनचा घेणारा असेल तर बहुतेक द्यावेच लागतात, तो थायलंडच्या कोटशी तुमचा कोट लावूनच बसलेला असतो. पण मस्कतमधे पेजेला उकडाच लागणारी आपली माणसं असतील तर त्यांना थाई तांदूळ चालत नाही, तिथे 20 पैकी 5 डॉलर सोडा आणि 15 ठेवा. लबाडी नाही ही, मोठे एक्स्पोर्टर हेच करतात, एकच माल आणि देशागणिक वेगळा नफा, अर्थशास्त्रात यावर ढीगभर लिहिलंय. उलट रुपया वधारला की मात्र त्याच मस्कतवाल्याला लगेच भाव वाढवून सांगू नका, थोडं आपल्या अंगावर घ्या, नाहीतर तो केरळच्या व्यापाऱ्याकडे जातो.

सरकारचं मात्र काही सांगता येत नाही. 20 जुलै 2023 ला पांढऱ्या बिगरबासमतीची निर्यात बंद झाली, उकडा सुटला म्हणून आम्ही खुश, आणि 25 ऑगस्टला उकड्यावर 20 टक्के ड्युटी, म्हणजे निर्यात कर! माझा कोट गेलेला होता, त्यावर मुदत घातली नव्हती, गिऱ्हाईक म्हणालं शब्द दिलास ना. पुढे 2024 च्या सप्टेंबरात ती 10 टक्क्यांवर आली आणि ऑक्टोबरात शून्य झाली, पण माझे पैसे गेले ते गेले.

आयईसी (निर्यातीचा सरकारी नंबर), अपेडाची (शेतमाल निर्यातीची सरकारी संस्था) नोंदणी वगैरे एजंट करून देतो, त्यात डोकं घालवू नका. कोटवर मात्र स्वतः लिहा: कणी किती टक्के, एफओबी की सीआयएफ, पैसे एलसीने (बँकेच्या हमीपत्राने) की आगाऊ, रेट 3 दिवसच चालेल, आणि खाली एक ओळ की निर्यात ड्युटी बदलली तर ती खरेदीदाराकडे. मस्कतवाला ती ओळ बघून आधी भडकलाच, मग टनाला 5 डॉलर तोडून घेतले आणि सही केली.